केंद्र, राज्य, जिल्हा, गाव: आपलं सरकार नेमकं कसं रचलंय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संसदीय लोकशाही म्हणजे काय, साध्या भाषेत सांगा ना.

आपण पंतप्रधान निवडत नाही, मुख्यमंत्रीही निवडत नाही. बॅनरवर कितीही मोठा फोटो असला तरी बटण दाबतो ते आपल्या मतदारसंघातल्या एका उमेदवारासाठी, आणि मग असे निवडून आलेले सगळे मिळून ज्याच्या पाठीशी बहुमत उभं करतात तो सरकार चालवतो. ते बहुमत जोपर्यंत आहे तोपर्यंतच सरकार. अमेरिकेत अध्यक्ष वेगळा निवडतात आणि त्याची चार वर्षं ठरलेली, तिथलं सभागृह त्याच्या विरोधात गेलं तरी तो घरी जात नाही (महाभियोग सोडला तर). आपल्याकडे राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार. म्हणजे काय ते १७ एप्रिल १९९९ ला सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं, वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ मतं, विरोधात २७०, एका मताने सरकार गेलं.

मग राष्ट्रपती काय करतात?

सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो पण सल्ला मंत्रिमंडळाचा, आणि तो बंधनकारक असतो. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं. खरा प्रश्न येतो जेव्हा कुणालाच बहुमत नसतं, तेव्हा आधी कुणाला बोलवायचं हे राष्ट्रपती ठरवतात. बाय द वे राष्ट्रपतींना निवडतात खासदार आणि आमदार मिळून, आणि आमदारांच्या मताची किंमत राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात, महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५.

खासदार, आमदार, झेडपी (जिल्हा परिषद) सदस्य, नगरसेवक... कुणाकडे काय घेऊन जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि गोंधळही इथेच आहे, कारण लोक गटार तुंबलं म्हणून खासदाराला फोन करतात आणि खासदारही "बघतो" म्हणतात, नाही म्हणायची हिंमत कुणात नसते.

खासदार लोकसभेत बसतो, कायदे आणि देशाचं बजेट हे त्याचं मूळ काम. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी महाराष्ट्राच्या ४८. आमदार विधानसभेत, आपल्याकडे २८८. ही मंडळी कायदा करणारी आणि सरकारला जाब विचारणारी. आमदारापेक्षा झेडपी सदस्य किंवा नगरसेवक "छोटा" असं वाटतं पण नळ, दिवे, कचरा, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र हे सगळं त्यांच्या सभागृहाच्या अखत्यारीत येतं. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यामुळे त्यांच्या नावाच्या पाट्या बस स्टॉपवर आणि समाजमंदिरावर दिसतात, आणि म्हणून सगळ्यांना वाटतं की हेच त्यांचं काम. माझं मत विचाराल तर या निधीनेच अर्धा गोंधळ केलाय.

केंद्र आणि राज्य यांच्यात कामांची वाटणी कशी आहे?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. केंद्राची यादी: संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे, टपाल, चलन वगैरे. राज्याची: पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन महसूल, स्थानिक स्वराज्य संस्था. तिसरी समवर्ती, म्हणजे दोघंही कायदा करू शकतात पण भांडण झालं तर साधारणपणे केंद्राचा कायदा टिकतो. शिक्षण आणि वनं आधी राज्याच्या यादीत होती, १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्तीत गेली. आणि कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राचा, यावरून तराजू कुठे झुकलाय ते कळतं.

पैशाचंही तसंच. केंद्र जो कर गोळा करतं त्यातला काही हिस्सा वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना मिळतो, पंधराव्या वित्त आयोगाने ४१ टक्के ठरवला होता. सेस आणि सरचार्ज (करावर लावलेले जादा आकार) मात्र त्या वाटपात येत नाहीत, त्यामुळे केंद्राने सेस वाढवला की राज्यांची कुरकुर सुरू होते आणि ती रास्तच आहे. जीएसटी २०१७ पासून आला, त्याचे दर जीएसटी परिषद ठरवते, तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात. गणित केलंत तर दिसेल की केंद्राला डावलून काही पास होऊच शकत नाही.

मंत्री व्हायला आमदार असावंच लागतं का?

लगेच नाही. सहा महिन्यांच्या आत कुठल्याही एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, नाहीतर पद जातं. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ते ना विधानसभेत होते ना विधान परिषदेत, मग कोरोनात निवडणुका थांबल्या आणि मुदत अगदी जवळ आली, शेवटी मे २०२० मध्ये ते बिनविरोध विधान परिषदेवर गेले.

किती मंत्री करता येतात?

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीपासून सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत, मुख्यमंत्री धरून. २८८ चे १५ टक्के म्हणजे आपल्याकडे ४३. त्याआधी मर्यादा नव्हती आणि अवाढव्य मंत्रिमंडळं होऊन गेलीत. आता मंत्रिपद नाही मिळालं तर महामंडळ मिळतं.

उपमुख्यमंत्र्याला काय अधिकार असतात?

घटनेत हे पदच नाही. अधिकार त्याच्याकडे जी खाती असतील तेवढेच, बाकी राजकीय वजन. एक असो की दोन असोत, कायद्याच्या नजरेत ते इतर मंत्र्यांसारखेच.

राज्यपाल नेमके कुणाचे? केंद्राचे की राज्याचे?

नेमणूक राष्ट्रपती करतात म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, आणि काम राज्याच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करायचं. तिथेच सगळी मेख आहे. एरवी राज्यपाल कुणाला आठवतही नाहीत पण त्रिशंकू विधानसभा आली की सगळा महाराष्ट्र राजभवनाकडे डोळे लावून बसतो. २०१९ आठवा, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठवली आणि सकाळी फडणवीसांचा शपथविधी, मग सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बहुमत सभागृहात सिद्ध करा, आणि मतदानाआधीच २६ तारखेला राजीनामा.

बहुमत राजभवनात मोजायचं नाही, विधानसभेत मोजायचं हे १९९४ च्या बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठणकावून सांगितलंय. त्याआधी राज्य सरकारं बरखास्त करणं फारच सोपं होतं. महाराष्ट्रात आजवर तीनदा राष्ट्रपती राजवट आली, १९८०, २०१४ आणि २०१९.

राज्यसभा आणि विधान परिषद कशाला हव्यात? नुसता खर्च ना?

राज्यसभेचं समजू शकतो, ती राज्यांचं सभागृह आहे. महाराष्ट्राचे १९ खासदार तिथे असतात, आमदार त्यांना निवडतात, मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात म्हणून ती कधी विसर्जित होत नाही. धन विधेयक (कर, सरकारी खर्च वगैरेचं) असेल तर राज्यसभा फक्त १४ दिवस थांबवू शकते, बाकी विधेयकं मात्र दोन्हीकडे पास व्हावी लागतात.

विधान परिषदेवर मात्र वाद घालायला जागा आहे. देशात फक्त सहा राज्यांत ती आहे. आपल्या ७८ जागा: ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. या १२ जणांत साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यातली माणसं अपेक्षित आहेत. यादी उघडून बघा आणि त्यात लेखक किती, कलावंत किती ते मोजा, मी काही बोलत नाही. पदवीधर असाल तर एक लक्षात ठेवा, पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी बनते, साध्या मतदार यादीत नाव आहे म्हणून तिथे आपोआप येत नाही, वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आमदार पक्ष सोडून गेले तर त्यांची आमदारकी जाते ना?

कायदा तसाच आहे. १९८५ ला दहावी अनुसूची आली, पक्ष सोडला किंवा व्हिप (कसं मतदान करायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर अपात्र. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर सूट होती, २००३ ला ती काढली, आता दोन तृतीयांश लोक दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच बचाव. पण निर्णय कोण घेणार? विधानसभा अध्यक्ष, जे स्वतः कुठल्यातरी पक्षाचेच असतात, आणि किती दिवसांत घ्यायचा हे अनुसूचीत लिहिलेलंच नाही. शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये, अपात्रतेवर अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूकच झाली. अशी दिरंगाई होत असेल तर कायदा असून उपयोग काय, हा प्रश्न फक्त इथलाच नाही, बऱ्याच राज्यांत हेच झालंय.

विदर्भ, मराठवाडा, कोकण हे विभाग म्हणजे सरकारी विभाग का?

अर्धवट हो. लोकांच्या बोलण्यातले प्रदेश आणि महसूल विभाग हे पूर्ण जुळत नाहीत. महसूल विभाग सहा: कोकण (७ जिल्हे), पुणे (५), नाशिक (५), छत्रपती संभाजीनगर (८), अमरावती (५), नागपूर (६). एकूण ३६. मराठवाडा आणि संभाजीनगर विभाग एकच, पण विदर्भाचे दोन विभाग होतात, आणि पश्चिम महाराष्ट्र असा शिक्का कुठल्याच सरकारी कागदावर विभाग म्हणून सापडणार नाही, आणि अहिल्यानगर जिल्हा नाशिक विभागात येतो हे ऐकून तिथलेच लोक कधीकधी दचकतात. प्रत्येक विभागाला विभागीय आयुक्त असतो पण विभागाला निवडून आलेलं सभागृह नाही.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ पासून होती, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आणि दरवर्षीचं नागपूर अधिवेशन हे १९५३ च्या नागपूर कराराचं देणं आहे. हुरडा पार्टी अधिवेशन म्हणून टिंगल होते खरी, पण अख्खं सरकार काही दिवस का होईना विदर्भात येऊन बसतं, आणि मोर्चे काढायला तीच जागा मिळते.

कलेक्टर मोठा की झेडपीचा सीईओ?

दोघेही बहुतेक वेळा आयएएस, पण दोन वेगळ्या रांगांचे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली रांग महसुलाची, ती ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलीय: विभागीय आयुक्त, कलेक्टर, प्रांत (उपविभागीय अधिकारी), तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. इथे निवडून आलेलं कुणी नाही, वरून खाली हुकूम येतो. जमीन, सातबारा, दाखले, पंचनामे, दुष्काळ-अतिवृष्टीची मदत, निवडणूक घेणं, हे सगळं या रांगेचं काम.

दुसरी रांग पंचायत राजची: जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. इथे प्रत्येक पातळीवर एक निवडून आलेला माणूस आणि एक अधिकारी अशी जोडी असते, झेडपी अध्यक्ष आणि सीईओ, सभापती आणि बीडीओ (गटविकास अधिकारी), सरपंच आणि ग्रामसेवक. शाळा, आरोग्य केंद्र, गावचं पाणी, अंगणवाडी, घरकुल, गावातले रस्ते इकडे. झेडपी ३४ आहेत कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना ग्रामीण भागच नाही.

त्यामुळे कोण मोठा हा प्रश्न विचारूच नका, तुमचं काम कुठल्या रांगेतलं ते विचारा.

म्हणजे तलाठी आणि ग्रामसेवक वेगळे?

एकदम वेगळे! तलाठी महसूलचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), ग्रामसेवक ग्रामपंचायतीचा (तेही आता ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात कोण म्हणतंय). सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), पीक पाहणी तलाठ्याकडे. घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, आठ अचा घराचा उतारा, रहिवासी दाखला ग्रामसेवकाकडे. आणि हो, जमिनीचाही आठ अ असतो, तो खाते उतारा, तो तलाठ्याकडे, इथे फसायला होतं. फेरफाराची नोंद तलाठी घेतो पण मंजूर मंडळ अधिकारी करतो, तेव्हा तलाठ्याशी भांडून काही फायदा नसतो कधीकधी.

शहरात महापौर असताना सगळं आयुक्तच का ठरवतो?

कारण कायद्यानेच कार्यकारी अधिकार आयुक्ताला दिलेत. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे, लोकांनी निवडलेल्यांच्या हातात सगळं जाऊ नये ही तेव्हाच्या राज्यकर्त्यांची इच्छा होती असं वाटतं, आणि गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या राज्य सरकारांनाही ती सोय आवडली. महापौर सभेचा अध्यक्ष, शहराचा पहिला नागरिक, मुदत अडीच वर्षं. पैशाची किल्ली स्थायी समितीकडे, म्हणून महापौरपदाइतकीच मारामारी स्थायीच्या अध्यक्षपदासाठी होते. आणि आयुक्ताला नेमतं कोण, तर राज्य सरकार. नगरपालिकेत थोडं वेगळं, तिथे सध्या नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडतात आणि अधिकारी म्हणून मुख्याधिकारी असतो.

मुंबईत पोलीसही महापालिकेच्या हातात नाहीत, ते राज्याच्या गृहखात्याचे. लंडन, न्यूयॉर्कच्या महापौरांशी आपल्या महापौरांची तुलना करतात ती म्हणूनच फसते.

घरासमोरच्या रस्त्याला खड्डा पडलाय. कुणाचा खड्डा?

रस्ता कुणाचा ते आधी शोधा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राचा, राज्य महामार्ग असेल तर साबांचा म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ग्रामीण रस्ता बहुतेक झेडपीचा, गावातली गल्ली ग्रामपंचायतीची, शहरात महापालिकेचा, आणि मुंबई परिसरात तर एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) यांचेही रस्ते आणि पूल आहेत. दोन यंत्रणांच्या हद्दीवरचा खड्डा सगळ्यात दीर्घायुषी असतो.

पालकमंत्री हे काय पद आहे?

जिल्ह्याची जबाबदारी दिलेला मंत्री म्हणजे पालकमंत्री. हेही पद घटनेत नाही, पण ताकद भरपूर, कारण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो आणि जिल्ह्याचा वार्षिक योजनेचा पैसा त्या समितीतून जातो. म्हणून तर पालकमंत्रिपदावरून सरकारातले मंत्री रुसतात-फुगतात. त्या समितीत झेडपी आणि नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य बहुसंख्य असावेत असं घटनेत अपेक्षित आहे, पण निवडणुकाच झाल्या नाहीत तर ते सदस्य आणायचे कुठून?

निवडणुका वेळेवर का होत नाहीत मग?

लोकसभा-विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग, तिथे सहसा उशीर होत नाही. स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, ती वेगळी संस्था आहे, तेव्हा एकावरचा राग दुसऱ्यावर काढू नका. १९९३ ला लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांत निवडणूक बंधनकारक केली, तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या कोर्टकचेऱ्यांत मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. इतर बऱ्याच ठिकाणीही तेच. एवढा काळ नगरसेवक नव्हते आणि तरी शहर चाललं असं काही लोक कौतुकाने सांगतात, पण त्या काळात बजेट कुणी तपासलं, प्रश्न कुणी विचारले?

नवा जिल्हा किंवा वेगळं राज्य कसं होतं?

जिल्हा-तालुका करणं राज्य सरकारच्या हातात. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते, शेवटचा झाला पालघर, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून. जिल्हा करणं म्हणजे नुसतं नाव देणं नाही, कलेक्टर कचेरी, एसपी ऑफिस, झेडपी, हॉस्पिटल, सगळं नव्याने उभं करावं लागतं, म्हणून मागण्या ढीगभर आणि मंजुऱ्या कमी.

राज्य मात्र संसद करते, घटनेच्या कलम ३ ने, साध्या बहुमताने. संबंधित विधानसभेचं मत मागवतात पण ते मानलंच पाहिजे असं नाही. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं तरी तेलंगणा झालंच. सध्या २८ राज्यं, ८ केंद्रशासित प्रदेश.

ग्रामसभेला जाऊन उपयोग असतो का?

असतो, गेलात तर. वर्षात निदान चार व्हायला हव्यात, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. लाभार्थी यादी तिथे वाचतात, तिथे गप्प बसून नंतर चावडीवर बोंब मारण्यात अर्थ नाही. आदिवासी भागात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला, छोटंसं गाव आहे ते.

कुणीच दाद देत नसेल तर?

आधी लेखी अर्ज, पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. दाखले-उतारे असतील तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत, उशीर झाला की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कलेक्टर ऑफिसला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन (लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस) असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, आधी तालुक्याला जाऊन आलेलं असलं की जिल्ह्याला तुमचा अर्ज परत फिरवत नाहीत. जाताना जुन्या अर्जाची पोच आणि दोन झेरॉक्स न्या.